गुडघा न पाहता अंश कसे कळतात?

प्रश्न : आईचा उजवा गुडघा बदलून महिना होत आला. फिजिओथेरपिस्टबाई आठवड्यातून एकदा घरी येतात. बाकीच्या दिवशी मांडीला एक आणि नडगीला एक अशा दोन छोट्या डब्या पट्ट्याने बांधून आई व्यायाम करते. गुडघा किती अंश वाकला, व्यायाम किती वेळा झाला, हे मोबाइलवर दिसतं. माझं कुतूहल असं की, खुद्द गुडघ्यावर तर काहीच बांधलेलं नाही, मग त्याचा कोन कळतो कसा? आई म्हणते, "याला फसवता येतं." खरंच येतं का? शिवाय काल ९२ दाखवत होता, आज ८९. आई सकाळपासून हिरमुसलेली आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. तुमचं कुतूहल थोडं थांबू शकतं, आईंना थांबवून ठेवणं बरं नाही. ९२चे ८९ झाले म्हणून गुडघा मागे गेला असं समजू नका. पट्टा बोटभर सरकला तरी एवढा फरक पडतो. फिजिओथेरपिस्ट प्लॅस्टिकच्या ज्या कोनमापकाने, म्हणजे गोनिओमीटरने, गुडघा मोजतात, त्यातही दोन वेळच्या मोजणीत चार-पाच अंशांचं अंतर पडणं नेहमीचंच आहे. आईंना सांगा, गेल्या सोमवारचा आकडा आणि या सोमवारचा आकडा, एवढंच बघायचं. रोजच्या चढउताराकडे काणाडोळा करायचा.

आता डब्यांकडे वळू. त्यांना गुडघा दिसत नाही हे तुम्ही अचूक हेरलंत. गुडघा नावाचं काही आहे हेसुद्धा त्यांच्या गावी नसतं. एका डबीला मांडी किती कललेली आहे तेवढं समजतं, दुसरीला नडगी. गुडघ्याचा कोन ही या दोन कलांमधली वजाबाकी आहे आणि ती मोबाइल करतो. आई खुर्चीत बसल्या की मांडी आडवी आणि नडगी उभी, म्हणजे फरक ९० अंश. बसल्या बसल्या पाय समोर ताठ केला की नडगीही आडवी होते आणि फरक शून्यावर येतो. तत्त्व इतकं सरळ आहे. अवघड आहे ते प्रत्येक हाडाचा कल अचूक ओळखणं.

त्यासाठी प्रत्येक डबीत निदान दोन प्रकारची मापकं असतात. पहिलं अ‍ॅक्सिलरोमीटर. गवंडी भिंत ओळंब्याने तपासतो, तसा हा चिपमधला ओळंबा. सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा सिलिकॉनच्याच नाजूक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. डबी कलली की गुरुत्वाकर्षण त्याला एका बाजूला ओढतं आणि शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर किंचित बदलतं. त्यामुळे तिथली विद्युत धारिता बदलते आणि तो बदल चिप मोजते. पाय स्थिर असेल तर खाली कुठे आहे हे यातून छान कळतं. पाय हलू लागला की मात्र गडबड होते, कारण झटका कोणता आणि गुरुत्वाकर्षण कोणतं हे त्या तुकड्याला वेगळं करता येत नाही. हेलकावे खाणाऱ्या ओळंब्यावर गवंडीही भिंत तपासत नाही.

म्हणून दुसरं मापक, जायरोस्कोप. ते कल सांगत नाही, फिरण्याचा वेग सांगतं. त्यातही एक सूक्ष्म तुकडा असतो, पण हा सतत थरथरत ठेवलेला. डबी फिरली की थरथरणाऱ्या तुकड्यावर आडवा जोर येतो. गास्पार कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५मध्ये मांडलेला हा परिणाम अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांनाही वळण देतो. सेकंदाला किती अंश फिरलं हे कळलं की वेळेने गुणून बेरीज करत जायचं, म्हणजे एकूण किती फिरलं ते मिळतं. झटक्यांचा याला त्रास नाही. पण बेरजेची खोड अशी की बारीकशी चूकही साचत जाते. सेकंदाला अंशाचा दहावा भाग एवढीच चूक धरा. मिनिटाला ६ अंश होतात आणि दहा मिनिटांत ६०. आई पलंगावर शांत पडलेल्या असताना मोबाइल गुडघा चांगलाच वाकलेला दाखवू लागेल.

एक मापक स्थिर असताना विश्वासू, दुसरं हालचालीत विश्वासू. दोघांचं ऐकून, कोणत्या क्षणी कोणावर किती विसंबायचं हे गणिताने ठरवायचं, अशी तोड निघाली. रुडॉल्फ कालमन या हंगेरीत जन्मलेल्या अभियंत्याने १९६०मध्ये अशा हिशेबाची पद्धत मांडली आणि ती चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांच्या दिशादर्शनात वापरली गेली. तिचीच भावंडं, कधी बरीच सोपी करून घेतलेली, आज या डब्यांच्या आत सेकंदाला पन्नास-शंभर वेळा हिशेब करत असतात.

काही डब्यांत तिसरं मापकही असतं, होकायंत्राचं. ते घरात फारसं भरवशाचं नाही. लोखंडी खाट, गोदरेजचं कपाट, स्लॅबमधल्या सळ्या, सगळंच त्याला भुलवतं. बऱ्याच जणांना भीती वाटते ती गुडघ्यातल्या धातूची. ती काळजी सोडा. कृत्रिम सांध्यात सहसा कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू, टायटॅनियम आणि मध्ये पॉलिथिलीन असतं, आणि यांतलं काहीच लोखंडासारखं चुंबकाला ओढत नाही. मापकाला त्रास झालाच तर खाटेचा होईल, आईंच्या गुडघ्याचा नाही.

हे सगळं आपल्या घरापर्यंत आलं ते वैद्यकामुळे नाही, मोटारी आणि फोनमुळे. चालणं मोजण्याची हौस जुनी आहे. पॅरिसमध्ये एतियेन-ज्यूल मारे याने १८७०च्या दशकात बुटाच्या तळव्यात हवेचे कप्पे बसवून पावलांची नोंद घेतली. लाइपझिगला ब्राउन आणि फिशर यांनी १८९०च्या दशकात एका माणसाच्या अंगाला विजेच्या नळ्या बांधून अंधारात त्याची छायाचित्रं काढली. प्रयोगशाळेतून हे बाहेर पडलं नाही. पुढे मोटारीतली एअरबॅग योग्य क्षणी फुगावी म्हणून १९९०च्या दशकात स्वस्त सूक्ष्म अ‍ॅक्सिलरोमीटर लाखांनी बनू लागले. २०१०मध्ये आयफोन ४मध्ये जायरोस्कोप आला आणि त्याचीही किंमत कोसळली. डबीतल्या चिपा आज स्वस्त आहेत. पैसे पडतात ते त्यांच्यामागच्या गणिताचे आणि माणसांचे.

आता अचूकतेबद्दल. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४मध्ये एक मार्मिक मोजणी प्रसिद्ध केली. मांडीपासून पाय गमावलेल्या, कृत्रिम पायाने चालणाऱ्या व्यक्तीच्या दोन्ही पायांना त्यांनी असे सेन्सर लावले आणि कॅमेऱ्यांच्या महागड्या यंत्रणेशी ताडून पाहिलं. कृत्रिम पायावर चूक १ अंशाहून कमी आली, स्वतःच्या पायावर सुमारे ३ अंश. चिपा त्याच, सूत्रं तीच. फरक मांसाचा. डबी हाडाला बांधता येत नाही. मांडीवर ती स्नायूंवर बसते, आणि स्नायू आवळले की फुगतात, पाऊल आपटलं की थरथरतात. नडगीच्या पुढच्या बाजूला हाड कातडीला लागून असतं, म्हणून तिथली डबी जास्त इमानदार असते. आईंच्या पायाला अजून सूज असेल, तर सकाळी बरोबर बसलेला पट्टा संध्याकाळी काचतो किंवा घसरतो. तेव्हा पुन्हा ३ अंश आठवा.

फसवण्याचं म्हणाल तर आईंचं म्हणणं खरं आहे. त्यांनी कोणती युक्ती शोधली ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज आहे की त्या दुसऱ्या पायाने ढकलत असाव्यात किंवा हाताने नडगी ओढत असाव्यात. कोन कोणी केला हे सेन्सरला कळत नाही. स्वतःच्या जोराने वाकवलेले ९० अंश आणि नातवाने धरून वाकवलेले ९० अंश त्याच्या लेखी एकच. स्नायूने काम केलं का हे बघायचं तर कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवून त्याची वीज मोजावी लागते, आणि ते वेगळं उपकरण आहे. दुसरी युक्ती धडाची. पाय उचलताना मागे रेललं की पाय उंच गेल्यासारखा वाटतो. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातल्या एका कंपनीने याच कारणासाठी मांडी आणि नडगीच्या जोडीला छातीवरही तिसरा सेन्सर दिला. आणि जिथे नुसत्या नडगीवर एकच डबी असते, तिथे तर फसवायलाही नको. अख्खी मांडी उचलली तरी नडगी कलते आणि यंत्र गुडघ्याच्या नावावर जमा करतं.

पण या लबाड्यांपेक्षा मला काळजी वाटते ती नकळत होणाऱ्या एका चुकीची. व्यायामाच्या सुरुवातीला मोबाइल सांगतो, "पाय सरळ ठेवून स्थिर राहा." त्या क्षणीचा कोन तो शून्य धरतो. नव्या गुडघ्याचं पहिलं दुखणं हेच असतं की तो पूर्ण सरळ होत नाही. समजा आईंचा गुडघा ८ अंश वाकलेलाच राहतोय. मोबाइलने तेच शून्य मानलं, तर पुढचे सगळे आकडे ८ने चुकणार. खरे ९० असताना ८२ दिसतील, हे एक वेळ चालेल. पण गुडघा सरळ होत नसताना 'पूर्ण सरळ' असं शाबासकीचं हिरवं चिन्ह उमटेल, ते महागात पडेल. वाकण्याकडे घरातल्या सगळ्यांचं लक्ष असतं, कारण मांडी घालून बसायचं असतं, पाटावर जेवायचं असतं. सरळ होण्याकडे कोणी बघत नाही. सरळ न होणारा गुडघा लंगडवतो आणि प्रत्येक पावलाला मांडीच्या स्नायूला दमवतो. पुढच्या भेटीत बाईंना सांगून, डब्या बांधलेल्या असतानाच गोनिओमीटरने ताडून घ्या. सरळ आणि वाकलेला, दोन्ही. दोन मिनिटांचं काम आहे.

मग या डब्यांचा उपयोग काय? माझ्या मते सगळ्यात मोठा उपयोग पाय ताठ ठेवून उचलायच्या व्यायामात आहे. त्यात मांडी आणि नडगी एकदम आणि सारख्याच उचलल्या जायला हव्यात, म्हणजे फरक शून्यच राहायला हवा. शस्त्रक्रियेनंतर मांडीचा पुढचा स्नायू फार दुबळा होतो. सांध्यात सूज असली की मज्जारज्जूच त्या स्नायूचा जोर रोखून धरतो. पहिल्या महिन्यात त्याची ताकद निम्म्याच्याही खाली गेल्याचं मोजमापांत आढळलं आहे. अशा वेळी मांडी ३० अंश उचलली जाते आणि नडगी वीसच. टाच किंचित खाली लोंबते. साडीखाली किंवा सैल पायजम्याखाली हे डोळ्यांना कळतही नाही. वजाबाकी करणाऱ्या डब्यांना ते नेमकं कळतं. हे लोंबणं १०वरून ५वर आणि ५वरून शून्याकडे येताना दिसणं, ही महिनाभराच्या घरच्या व्यायामाची खरी पावती आहे.

दुसरा उपयोग साक्षीदाराचा. "व्यायाम केले का?" या प्रश्नाला सगळे रुग्ण "हो" म्हणतात. आठवड्याने येणाऱ्या बाईंना मंगळवारी काही झालं नाही, गुरुवारी घाईघाईत उरकलं, हे दिसलं तर त्या कारण विचारतात. बहुतेकदा कारण वेदना असते, आळस नसतो.

यापलीकडे "व्यायाम चुकला, असा चुकला" हेही यंत्राने सांगावं अशी अपेक्षा असते. तिथे मी हात आखडता घेईन. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१४मध्ये पायाच्या सात व्यायामांवर हे तपासलं. व्यायाम बरोबर की चूक एवढं ओळखण्यात यंत्र साधारण ऐंशी टक्के वेळा यशस्वी झालं. नेमकी कोणती चूक हे ओळखताना ते साठ टक्क्यांच्या आसपास घसरलं. तेव्हापासून सूत्रं सुधारली आहेत, पण 'चूक' असा आवाज आला आणि आईंना आपलं बरोबर वाटत असेल, तर लगेच यंत्राचं खरं मानू नका.

रुग्णांना शेवटी फायदा होतो का? पोर्तोच्या त्याच यंत्रणेवर २०१८मध्ये ५९ रुग्णांचा अभ्यास आला. सेन्सर लावून घरी व्यायाम केलेल्यांची प्रगती नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस दिसली. अभ्यास लहान होता आणि अभ्यास करणाऱ्यांत कंपनीचीच माणसं होती, हे लक्षात ठेवून वाचावा. अमेरिकेत २०२०मध्ये तीनशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत सेन्सरऐवजी कॅमेरा होता. तिथे घरच्या यंत्राधारित उपचारांचा निकाल नेहमीच्या फिजिओथेरपीइतकाच आला आणि खर्च कमी. दोन्ही ठिकाणी यंत्रामागे फिजिओथेरपिस्ट होतेच. आता तर डबी हाडाच्या आत गेली आहे. ऑगस्ट २०२१मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नडगीच्या हाडात बसणाऱ्या सेन्सरसह कृत्रिम गुडघ्याला परवानगी दिली. मांसाची अडचण त्याने संपते, पण तोही एकाच हाडात आहे, आणि वजाबाकीला दोन लागतात.

आईंसाठी दोन गोष्टी. एक, पोटरी एकाएकी सुजली किंवा दुखू लागली, जखम लाल झाली, ताप आला, तर मोबाइल काही सांगणार नाही, डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. दुसरी, वाकणं सलग दोन आठवडे ९०च्या आतच अडकून राहिलं तर आलेख घेऊन शल्यविशारदांकडे जा. अडकलेला गुडघा भूल देऊन मोकळा करता येतो, पण ते साधारण पहिल्या तीन महिन्यांतच नीट साधतं.

प्रश्न : मी कबड्डी खेळतो. गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेला पाच महिने झाले. सेन्सरचे पट्टे परवडत नाहीत. फोनच पायाला बांधून भागेल का? गुडघा पूर्ण वाकतो, सरळही होतो. मग मैदानात कधी उतरू?
— एक खेळाडू, सांगली

उत्तर : फोनमध्ये त्याच चिपा आहेत, त्यामुळे बसल्या जागी कोन मोजायला तो पुरतो. बांधायचीही गरज नाही. पाठीवर झोपून टाच कुल्ल्यांकडे ओढा आणि तशीच धरा. उतार मोजणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपने मांडीच्या पुढच्या बाजूवर फोन ठेवून आकडा घ्या, मग नडगीवर. इथे वजाबाकी करू नका. मांडी एका बाजूला उतरते, नडगी दुसऱ्या बाजूला, म्हणून अंथरुणापासूनच्या दोन्ही उतारांची बेरीज. मांडी ६० आणि नडगी ६५ असेल तर गुडघा १२५ अंश वाकला. धावताना, उड्या मारताना मात्र फोन बांधू नका. त्याच्या वजनाने तो हेलकावतो आणि आकडे निकामी होतात.

पण तुमच्यासाठी अंश हा आता चुकीचा प्रश्न आहे. एसीएल फाटतो तो पाय रोवून अंग वळवताना, आणि चढाईत दर दोन पावलांना तेच घडतं. वाकणं-सरळ होणं सेन्सर चांगलं मोजतात. हाडाचं स्वतःभोवती वळणं ते वाईट मोजतात, आणि तुमचा धोका नेमका तिथे आहे. मोजायची ती ताकद. मांडीच्या स्नायूंची ताकद आणि एका पायावरच्या उड्यांचं अंतर चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के व्हायला हवं. उड्या घरच्या अंगणात टेपनेही मोजता येतात, पण फिजिओथेरपिस्टने परवानगी दिल्यावरच.

नॉर्वेत १०६ खेळाडूंवर झालेला अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जितकं लांबवलं, तितका दर महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचा दर सुमारे निम्म्याने घटला. तुमचे पाच झाले आहेत. नऊ पुरे होईपर्यंत आणि दोन्ही पायांची ताकद मोजून घेईपर्यंत चढाईला जाऊ नका, संघात जागा जात असली तरी.